अकरा धक्के

२ तारीख, सोमवार

बोक्या,

अकरा वर्षांनी माझं पत्र म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं समजून तू पाकीट हळूच फोडलं असशील. माणसं सगळी ठणठणीत आहेत. गेलंय ते यंत्र.

तुझा फोन नंबर बदललाय आणि नवा तू सख्ख्या आईलाही दिलेला नाहीस, असं मामी म्हणाली. पत्ता मात्र तिने तोंडपाठ सांगितला. म्हणून हा शाईचा खटाटोप.

आता ऐक. माझा स्वेटर विणायचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटरवालं विणकाम यंत्र आणि चार बायका. यंत्र तुमच्या कंपनीचं. अठरा वर्षं एकदाही कुरकुरलं नाही. गेल्या गुरुवारी दुपारी एका बाहीचा स्वेटर विणून थांबलं आणि पडद्यावर पाटी आली : 'सेवा कालावधी समाप्त. अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.' मी कंपनीला फोन लावला. एक मुलगी लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, "मॅडम, या मॉडेलची केंद्रं नऊ वर्षांपूर्वी बंद झाली."

"मग संपर्क कोणाशी साधू?"

"अधिकृत केंद्राशी, मॅडम."

बोक्या, सुई मोडलेली नाही, दोरा तुटलेला नाही, मोटर फिरते. यंत्र धडधाकट आहे, फक्त त्याला वाटतंय की आपण मेलो.

माझे धाकटे दीर धंद्यात निम्मे भागीदार आहेत. त्यांनी मला न विचारता कंपनीच्या अदलाबदल योजनेवर सही ठोकली. जुनं द्या, नवं घ्या. २८ तारखेला टेम्पो येणार. नव्या यंत्राला एकच बाई लागते म्हणे, हे ते आनंदाने सांगत सुटलेत. माझ्याकडे चार आहेत. उरलेल्या तिघींना मी काय सांगू, सेवा कालावधी समाप्त?

तू त्या कंपनीत तीस वर्षं यंत्रांच्या पोटात बसून काढलीस. आत शिरायची वाट सांग. आणि हे कुलूप ज्या कोणी लिहिलं असेल, त्याच्या डोळ्यांत साबण असताना नळाचं पाणी जावो. रोज.

तुझी (अजून तरी) आतेबहीण

*

६ तारीख, शुक्रवार

ताई,

पत्र वाचून झालं की जाळ. मी गंमत करत नाही.

फोन केला नाही, करणारही नाही. ईमेलचं तर नावच काढू नकोस. कोणती वस्तू काय ऐकते, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यातल्या काहींना ऐकायला मीच शिकवलं. कागदाला कान नसतात. यापुढे कागदच.

तू विचारतेस ती वाट अस्तित्वात नाही. मी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली आहे, एकोणीस पानी, प्रत्येक पानावर. निवृत्त होऊन सहाच महिने झालेत आणि कंपनीचे वकील निवृत्त होत नाहीत. कुलपाचं म्हणशील तर तो वरून आलेला निर्णय होता, आम्ही खालची माणसं. कोणी लिहिलं, कसं लिहिलं, मला काही कल्पना नाही.

तेव्हा वाट नाही. यंत्र देऊन टाक.

सगळ्यांना नमस्कार.

बोक्या

ता. क. समजा असलीच, तर ती कुठल्याही पुस्तकात नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांनाही आम्ही सांगितलं नव्हतं.

ता. क. २. यंत्राच्या पाठीवर पितळी पट्टीत एक आकडा ठोकलेला असेल. तो चारने सुरू होतो का? सहज विचारतोय.

ता. क. ३. नळाचं तुला कोणी सांगितलं? आमच्याकडे बुधवारी खरंच गेलं होतं.

*

९ तारीख, सोमवार

बोक्या,

आकडा चारने सुरू होतो. तुझं पत्र जाळलं. जाळण्याआधी मोठ्याने वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय आणि अक्षर लावायला हेडबाई लागते. एकदा हेडबाईने वाचलं म्हणजे उरलेल्या तिघींनी ऐकलंच. काळजी करू नकोस, चौघी पोटात ठेवतील. शेजारच्या शिंप्याने ऐकलं असेल, पण तो तसाही कोणाशी बोलत नाही.

हेडबाई म्हणजे आमच्यातली सर्वांत जुनी. यंत्र आलं तेव्हापासून त्याच्यासमोर बसते. यंत्र बंद पडल्यापासून रोज त्याला पुसते आणि पुसताना बोलते. काय बोलते ते विचारलं तर म्हणाली, "नवऱ्याशी जे बोलायचं राहिलं ते."

तुझ्या तीन ताजा कलमांवर तिचा निकाल असा : "ह्या माणसाला सांगायचंय, पण आग्रह हवाय. लग्नातल्या जेवणासारखा." तर घे, आग्रह करते. बोक्या, सांग ना रे. एवढं एकच. पानात सांडून ठेवलंस तरी चालेल.

दीर आजकाल नव्या यंत्राचं रंगीत पत्रक खिशात घेऊन हिंडतात आणि लग्नाला आलेल्या पोराचा फोटो असावा तसं येईल त्याला दाखवतात.

आणि कुलूप लिहिणाऱ्याला माझ्याकडून अजून एक : त्याच्या प्रत्येक मोज्याला अंगठ्याजवळ भोक पडो आणि ते पाहुण्यांच्या घरी बूट काढल्यावर कळो.

ताई

*

१२ तारीख, गुरुवार

ताई,

आग्रहाचा मान ठेवतो. (मोज्यांचं थांबव. विनंती.)

हे तुझ्या चौघींपलीकडे जाता कामा नये. शिंप्याच्या बाजूची खिडकी लावून घ्या.

आम्ही चारने सुरू होणारं ते मॉडेल घडवत होतो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. चाचणीच्या शेडमध्ये कीबोर्ड चारच, आणि ते साहेबांच्या खोलीत कुलपात. दर वेळी मागायला गेलं की साहेब आधी उपदेश करायचे, मग कीबोर्ड द्यायचे. उपदेश टाळण्यासाठी मी यंत्राला दुसऱ्या रस्त्याने ऐकायला शिकवलं.

सुयांवरून इकडून तिकडे धावते ती कॅरेज. ती कुठे आहे हे यंत्राला प्रत्येक क्षणी कळतं, नाहीतर ते विणणार कसं? मुख्य बटण दाबलं की लाल दिवा वीस सेकंद लुकलुकतो. त्या वेळात कंपनीचा प्रोग्रॅम, पडदा, पाट्या, सगळा लवाजमा अजून झोपलेला असतो. जागा असतो फक्त सर्वांत तळाचा छोटा प्रोग्रॅम. तो माझा. त्याला कॅरेज हाताने ढकलून खुणा करायच्या, दारावर टकटक केल्यासारख्या.

कॅरेज मधोमध आणा. बटण दाबा. दिवा लुकलुकायला लागला की मधून वीतभर ढकलून परत मध्यावर, हा एक धक्का. असे अकरा : दोन डावे, एक उजवा, तीन डावे, दोन उजवे, एक डावा, दोन उजवे.

पडदा काळा होईल आणि त्यावर फक्त 'बोला' असं येईल. मग सुरू करायचं बटण तीनदा दाबा. आतला तासांचा आकडा शून्य होईल आणि यंत्राला वाटेल, आपण आजच जन्मलो.

बायको विचारतेय, तीस वर्षांत कोणाला पत्र लिहिलं नाहीस, आता ही कोण? मी म्हटलं, आतेबहीण. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात.

बोक्या

*

१६ तारीख, सोमवार

बोक्या,

तू मधोमध गाढव आहेस का उजवं-डावं, ते ठरवायला आज आम्ही सभा भरवली होती.

शुक्रवारी पहिला प्रयोग. खिडकी लावली. हेडबाई कॅरेजीपाशी, मी धक्के मोजायला, चौघींतली धाकटी घड्याळ धरून, उरलेल्या दोघी दारात दीर येतात का पाहायला. सातव्या धक्क्याला हेडबाईला शिंक आली आणि एक धक्का जास्तीचा बसला. पडद्यावर 'बोला' नाही आलं. सगळ्या पाट्या कुठल्याशा अगम्य लिपीत गेल्या, मुंग्या रांगेने लग्नाला निघाल्यासारख्या. अजून तशाच आहेत.

शनिवारी दुसरा. शिंक आधीच काढून घेतली, नाकात दोरा घालून. अकरा धक्के, अगदी तू लिहिलेस तसे. बोक्या, यंत्र सुरू झालं! चौघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, मी खुर्चीवर चढले. का चढले ते ठाऊक नाही, उंदीर नव्हता. मग लक्षात आलं की ते आपलं ऐकत नाहीये. आपल्या मर्जीने विणत सुटलं. बाही. एकच. लांबच लांब. थांबवायचं बटण दाबलं तर अजून जोरात. बाही खोलीभर फिरून दारापर्यंत गेली. चौदा हात. दोरा संपला तेव्हा ती थांबली आणि पाटी परत मुंग्यांची.

आणि त्या बाहीवर अक्षरं विणलेली, पहिल्या हातापासून चौदाव्यापर्यंत. कोणाला वाचता येईनात. शेवटी हेडबाईने बाही उलटी केली, आतून बाहेर. तेव्हा स्पष्ट दिसलं : 'साहेब गाढव आहे. साहेब गाढव आहे. साहेब गाढव आहे.'

तेवढ्यात दीर आले. त्यांना कारखान्यात सगळे साहेब म्हणतात. तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत, ही एवढीच तुझी कमाई.

उद्या परत करू का? बारा दिवस उरलेत.

ताई

*

१८ तारीख, बुधवार

ताई,

दोनदा केलंत??

हात लावू नका! कोणीही कॅरेजीला हात लावू नका! हेडबाईला पुसायलाही मना कर!

चुका मोजल्या जातात. तिसरी चूक झाली की कुलूप चावी गिळतं. कायमची. मग मी काय, यंत्राला जन्म देणारा आला तरी उघडणार नाही. दोन चुकांची नोंद एका चिपमध्ये राहते, बटण बंद केलं तरी पुसली जात नाही. शिंकेची एक आणि बाहीची एक. एकच संधी उरली.

बाही म्हणजे माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचा चाचणीचा नमुना. त्याचंही एक छुपं दार होतं, खुणा माझ्यासारख्याच पण वेगळ्या. तुम्ही माझ्या दारावर टकटक केलीत आणि उघडलं त्याचं. हे कसं झालं मला समजत नाही. मी क्रम बरोबरच लिहिलाय. झोपेतून उठवून विचारलं तरी हात आपोआप तसेच हलतील. काल जेवताना पानावर वाटी सरकवून पाहिली. दोन डावे, एक उजवा. बरोबर आहे. बायकोने वाटी काढून घेतली.

मला विचार करू दे. तोवर काही करू नका.

बोक्या

*

२० तारीख, शुक्रवार

बोक्या,

दोन गोष्टी. आधी कडू, मग गोड.

कडू. 'कोणी लिहिलं, मला काही कल्पना नाही' म्हणालास. तीन चुका, चावी गिळणं, कुठल्या चिपमध्ये नोंद राहते, हे सगळं मात्र घरच्या वाण्याच्या पुडीसारखं सोडून दाखवलंस. ज्याने कुलूप पाहिलंसुद्धा नाही त्याला हे कसं ठाऊक? चष्मा परत आलाय माझा. आता मला चांगलं दिसतं.

नळ, मोजे, सगळं योग्य पत्त्यावर पोचत होतं म्हणायचं.

तुला वाटलं असेल, ताई चिडेल आणि पत्र बंद करेल. चिडले. पण बंद करायला आता आठ दिवस आहेत आणि तिघीजणींनी मला रोज सकाळी 'आज?' म्हणून विचारायला सुरुवात केलीये, तेव्हा चिडणं मी एकोणतीस तारखेला ठेवलंय.

गोड. सकाळी हेडबाई त्या चौदा हात बाहीची घडी घालत होती. मध्येच थांबली. म्हणाली, "ज्याने ही अक्षरं आखली, त्याला ती सुलटी दिसली असणार ना? मग तो बसला कुठे होता?"

बोक्या, आम्ही यंत्राच्या समोर बसतो. अठरा वर्षं हेडबाई समोर बसलीये. तारा, चिपा, पट्टीवरचा आकडा, हे सगळं पाठीमागे.

तू कुठल्या बाजूला बसायचास?

आमचा अंदाज आहे, पण अंदाजावर शेवटचा धक्का मारायला मी तयार नाही. उलट टपालाने कळव.

ताई

*

२३ तारीख, सोमवार

ताई,

मागे.

तीस वर्षांत मी एकदाही त्या यंत्रासमोर बसलो नाही. आमच्यातलं कोणीच नाही. झाकण मागे उघडतं, वायरी मागे, आमच्या खुर्च्या मागे. समोर कोणीतरी बसणार आहे हे आम्हाला माहीत होतं. पण चित्रातल्या माणसासारखं. माझा डावा तो हेडबाईचा उजवा. बाहीवरची अक्षरं आम्हाला मागून सुलटी दिसायची म्हणून आम्ही तशीच आखली. आणि माझ्या मित्राने गंमत म्हणून त्याच्या दाराचा क्रम माझ्या बरोब्बर उलटा, डाव्याच्या जागी उजवा असा ठेवला होता. हे मी साफ विसरलो होतो. मला जे तीस वर्षांत दिसलं नाही, ते एका विणणाऱ्या बाईला बाहीची घडी घालताना दिसलं. हेडबाईंना माझा साष्टांग.

तेव्हा समोरून : दोन उजवे, एक डावा, तीन उजवे, दोन डावे, एक उजवा, दोन डावे. मग 'बोला'. मग बटण तीनदा.

कुलूप मी लिहिलं. वरून हुकूम आला हे खरं, पण आमच्या गटातले बाकीचे तिघे 'जमत नाही' म्हणाले आणि मी 'जमेल' म्हणालो. कठीण कोडं होतं, ताई, मला फक्त कोडं दिसलं. साठ हजार तास मोजायचे आणि गप्प व्हायचं. बढती मिळाली, सत्कार झाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. साठ हजार तास तेव्हा इतके लांब वाटले होते की कोणाच्या आयुष्यात ते येतील असं वाटलंच नाही. ते तुझ्या आयुष्यात आले, गुरुवारी दुपारी, एका बाहीच्या स्वेटरवर.

फोन नंबर याच लाजेने कोणाला दिला नाही. आपल्या माणसांत यंत्र वापरणारं कोणीतरी निघेल आणि विचारेल, अशी भीती.

आता शाप दे. सगळे घेतो.

बोक्या

*

२८ तारीख, शनिवार, संध्याकाळ

बोक्या, बोक्या, बोक्या!

नेमक्या याच पत्राला टपालखात्याने पाच दिवस लावले. आज सकाळी दहाला पोस्टमन आणि टेम्पो एकाच वेळी दारात. पोस्टमन म्हणाला आधी मी, टेम्पोवाला म्हणाला आधी मी. हेडबाईने पोस्टमनला हाताला धरून आत ओढला.

टेम्पोबरोबर कंपनीचा मेकॅनिक आला होता. पन्नाशीचा, रडवेला चेहरा, हातात पॅडला लावलेला फॉर्म. दीर नवा शर्ट घालून त्याला खुर्ची देत होते. मी तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं. 'मागे' एवढा पहिला शब्द वाचून मी किंचाळले. मेकॅनिक खुर्चीतून उठला.

मी म्हटलं, "दोन मिनिटं द्या. निरोप घ्यायचाय यंत्राचा."

दीर म्हणाले, "वहिनी, यंत्र आहे ते!"

मेकॅनिक म्हणाला, "घेऊ द्या हो. सगळीकडे घेतात."

हेडबाई बसली. पदर खोचला. धाकटीने घड्याळ धरलं. बटण दाबलं, दिवा लुकलुकला. दोन उजवे. एक डावा. मी मोजत होते, मग चौघी मिळून मोजायला लागल्या. तीन उजवे, दोन डावे. मेकॅनिक हळूहळू जवळ येऊन उभा राहिला. एक उजवा. दोन डावे. अकरा.

पडदा काळा झाला. इतका वेळ काळा राहिला की मी मनात तुझ्यासाठी एक ठेवणीतला शाप काढला होता. आणि मग, बोक्या, पांढऱ्या अक्षरांत, कंपनीचा शिक्का नाही, मुंग्या नाहीत, फक्त : 'बोला'.

हेडबाई म्हणाली, "बोलू काय? अठरा वर्षांचं बोलायचंय." आणि बटण तीनदा दाबलं.

यंत्राने त्या गुरुवारच्या स्वेटरची दुसरी बाही विणायला घेतली. तिथूनच, जिथे थांबलं होतं त्याच टाक्यापासून.

कोण रडलं, कोण नाचलं, सांगत नाही. पोस्टमन नाचला एवढं सांगते.

दीर म्हणाले, "चालू असलं म्हणून काय झालं? सही झालीये. उचला."

मेकॅनिकने फॉर्म वाचला. उलटा करून वाचला. म्हणाला, "साहेब, योजना बंद यंत्रांची आहे. 'यंत्र बंद असल्याची खात्री केली' इथे मला खूण करायची असते. चालू यंत्र न्यायला फॉर्मवर जागाच नाही." आणि पेन खिशात ठेवलं. टेम्पो रिकामा गेला. दिरांनी रंगीत पत्रक चारदा घडी घालून आतल्या खिशात ठेवलं; ते अजून महिनाभर दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसे चाचपत राहतील. तिघी तिथेच आहेत. चौथीही.

मेकॅनिक मात्र गेला नाही. सगळे पांगल्यावर हळूच मला विचारलं, "बाई, हे कोणी शिकवलं? मी सव्वीस वर्षं या कंपनीत आहे. मला कधी कोणी सांगितलं नाही. मला एवढंच सांगितलंय की गेलेलं यंत्र परत येत नाही. मी तेच लोकांना सांगत फिरतो, घरोघरी."

तुझं नाव मी सांगितलं नाही. हेडबाईने सांगितलं. कुलपाचंही सांगितलं. मग त्याने तोच फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अकरा धक्के लिहून घेतले. समोरून.

आणि मग तो जे बोलला त्यासाठी मी हे पत्र घाईने लिहितेय. उचलून आणलेली यंत्रं कंपनी मोडत नाही. मोडायला खर्च येतो. ती सगळी तिच्या जुन्या गोदामात उभी आहेत, रांगेने, वर ताडपत्री. दोनशे चाळीस. सगळी धडधाकट, सगळ्यांना वाटतंय की आपण मेलो. कोणतं कोणाकडून आणलं त्याची यादी मेकॅनिककडे आहे. गोदामाची चावीही त्याच्याकडेच असते.

मी विचारलं, "आत वीज आहे?"

तो म्हणाला, "आहे."

चिडायची तारीख उद्याची होती. ती मी रद्द करतेय, वेळ नाही. पुढच्या रविवारी सकाळी नऊला गोदामाच्या फाटकापाशी ये. पत्ता मागे लिहिलाय. बायकोलाही आण, म्हणजे आतेबहीण खरी आहे हे तिला कळेल. दोनशे चाळीस कॅरेजी आहेत, प्रत्येकीला अकरा धक्के, आणि आमचे हात बाराच.

ताई